टॅमझिनच्या सूटमधला जादा इंच

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर शेवटी कुणीतरी म्हणायचं की बाईंनी लपवलं. पंचवीस वर्षं मी कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावर, समुद्रापासून चालत तीन मिनिटांवर, लाटांवर कोलांट्या मारणाऱ्या लोकांचे रबरी सूट शिवले आणि त्यांच्या फळ्या दुरुस्त केल्या. त्या पंचवीस वर्षांत माझे पाय घोट्याच्या वर कधी भिजले नाहीत. आमचे हे म्हणायचे, हलवायाच्या दुकानात मधुमेही बसवलाय.

यंदा ब्रिस्टलच्या गणपतीत मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक मुलीनं मला जेवणाच्या रांगेत गाठलं. म्हणाली, "मावशी, या वर्षी सगळे डॉक्टर आणि आयटीवालेच लिहितायत. तुम्ही लिहा ना, तुमचं ते रबराचं." माझं ते रबराचं! पंचवीस वर्षं मंडळातल्या बायकांना मी समजावून सांगितलं आणि त्यांच्या डोक्यात राहिलं काय, तर रबर. बरं, म्हटलं, लिहिते.

बॉडीबोर्ड तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय असं तुम्हाला वाटतं. समर हॉलिडेजमध्ये बीचवर जाता, सुपरमार्केटमधून पोरांसाठी थर्माकोलची रंगीत फळी आणता आणि लंचपर्यंत तिचे दोन तुकडे होतात. तो बॉडीबोर्ड नव्हे, तो कचरा. खरा बोर्ड कमरेएवढा उंच, आत घट्ट फोम, खाली गुळगुळीत प्लॅस्टिकची कातडी. त्यावर पोटावर झोपायचं, पायात आखूड फ्लिपर, दंडाला गुंडाळलेल्या दोरीनं बोर्ड बांधलेला. उभं राहून सर्फिंग करणारे जिथे जायला कचरतात, खडकाला लागून एकदम तोंड वासणाऱ्या लाटेत, तिथे हे लोक आनंदानं घुसायचे. लाटेच्या ओठावरून हवेत उडायचे, गिरकी घ्यायचे आणि परत त्याच लाटेवर उतरायचे. उभे सर्फर त्यांना तुच्छतेनं 'स्पंज' म्हणायचे. कार पार्कमध्ये मी स्वतः ऐकलंय. मी एकाला विचारलंसुद्धा, "काय हो, त्या स्पंजनं आत्ता जे केलं ते तुम्ही करून दाखवता का?" तो व्हॅनमध्ये जाऊन बसला.

मी या धंद्यात शिरले ती साडीच्या फॉलमुळे. ह्यांना हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून आम्ही ब्रिस्टल सोडून त्या टोकाला गेलो. पन्नास मैलांत मराठी बोलायला कुणी नाही. मुलगी शाळेत गेली की घर खायला उठायचं. मी न्यूजएजंटच्या काचेवर कार्ड लावलं, कपडे दुरुस्त करून मिळतील. आठवड्यानं दारात एक उंच, तांबड्या तोंडाचा माणूस उभा. हातात काळं, ओलं, फाटलेलं काहीतरी. हा रॉन. गावात त्याचं वर्कशॉप होतं, त्याचं शिवणाचं मशीन बंद पडलं होतं आणि सीझन तोंडावर आला होता.

रॉन कमी बोलणारा. त्यानं वेटसूट टेबलावर पसरला आणि सांगितलं, "दोन कडा ग्लूनं जोडायच्या, मग वरून शिवायचं. पण सुई आरपार जाता कामा नये. अर्ध्या जाडीतून जाऊन परत वर आली पाहिजे. भोक पडलं की पाणी आत." आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की हे काही तुम्हाला जमायचं नाही.

मला हसूच आलं. अहो, सांगलीला माझ्या आईनं मला दहाव्या वर्षापासून साड्यांना फॉल लावायला बसवलं होतं. एक धागा उचलायचा, दुसऱ्या बाजूला टाका दिसला की आई सगळं उसवायला लावायची. इथे तर साडीपेक्षा चौपट जाड रबर! मी वाकडी सुई मागितली आणि हातासरशी चार इंच शिवून दिलं. रॉननं सूटचा पाय उलटा केला, तळ दाबून धरला आणि किचनच्या नळाखाली पाण्यानं भरला. आम्ही दोघं सिंकमध्ये बघत उभे. एक थेंब बाहेर आला नाही. तो म्हणाला, "मंडे, नाइन ओ'क्लॉक." माझा इंटरव्ह्यू एवढाच.

इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', पण मी मनातल्या मनात रॉनला अहो म्हणायची आणि रायडर पोरापोरींना अरे-अगं. त्यांनी माझं आडनाव दोन दिवस चघळून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी मिसेस के करून टाकलं.

तो काळ म्हणजे या खेळाचा सुवर्णकाळ होता, हे तेव्हा आम्हाला कुठे माहीत! शनिवारी सकाळी वर्कशॉपच्या दारात व्हॅनची रांग. बॉडीबोर्डिंगची स्वतःची मासिकं, स्वतःच्या व्हिडिओ कॅसेट, स्वतःचे हीरो. मासिकात फोटो आला की पोरं ते पान मला दाखवायला आणायची आणि मी चष्मा लावून आधी शिवण बघायची. "हा माझा गुडघा," असं म्हणायची. म्हणजे मी ठिगळ लावलेला गुडघा.

गिऱ्हाइकं एकेक नग. ब्रिस्टलचा एक डेंटिस्ट होता. कधी नव्हे ते कडक ऊन पडलं त्या दिवशी ह्यानं बोर्ड गाडीत ठेवला, काचा बंद करून, आणि गेला पबमध्ये. परत येऊन बघतो तर बोर्डाची कातडी पापडासारखी फुगलेली. मग ह्यानं अतिशहाणपणा केला. घरी जाऊन ते फोड इस्त्रीनं बसवायला गेला. माझ्यासमोर बोर्ड आला तेव्हा त्यावर इस्त्रीचा पूर्ण ठसा होता, भोकांसकट. मी म्हटलं, "डॉक्टर, दात दुखला तर मी घरी पक्कड घेऊन बसते का?" त्यानंतर तो दर ख्रिसमसला मला टूथब्रश पाठवायचा.

आणि एडिनबराचा डूगी. लाल दाढीचा, दारात मावायचा नाही असा, एका हॉस्पिटलात नर्स. तो बोर्डावर झोपायचा नाही. एक गुडघा टेकून, दुसरा पाय पुढे रोवून लाटेवर जायचा, देवापुढे बसल्यासारखा. त्या पद्धतीत त्याला तोड नव्हती. वर्षातून दोनदा एवढं ड्राइव्ह करून आमच्याकडे यायचा आणि बोर्डाचं काम होईपर्यंत माझ्या टेबलाशी बसून राहायचा. पाढे तो तिथेच शिकला.

पाढ्यांचं सांगायला हवं. रबराचा ग्लू लावला की लगेच जोडायचं नसतं. एक पातळ हात द्यायचा, सुकू द्यायचा, मग दुसरा, आणि बोटाला जेमतेम चिकटेल इतपत वाळला की मगच कडा दाबायच्या. रॉन घड्याळ लावायचा आणि विसरायचा. मी बे ते तीस पाढे म्हणायची. लहानपणी संध्याकाळी पाटावर बसून म्हणायचो त्याच चालीत. तिसाचा पाढा संपला की ग्लू तयार, कधी चुकलं नाही. थंडीत सावकाश म्हणायचे, उन्हाळ्यात भरभर. बसून बसून रायडर लोकांनासुद्धा सुरुवात पाठ झाली. डूगी दारातून आत येतानाच ओरडायचा, "बे एके बे!" त्या दाढीतून ते ऐकलं की दिवस चांगला जायचा.

आता रॉनच्या भिंतीबद्दल. वर्कशॉपच्या मागच्या भिंतीवर खिळे होते आणि त्यांवर आम्ही बिघडवलेल्या वस्तू लटकायच्या. उसवलेली बाही, दोरीसकट उपटून आलेला बोर्डाचा तुकडा, उलटी लावलेली झिप. ज्याच्या हातून बिघडली त्याचं नाव वर जाड मार्करनं. नियम रॉनचाच आणि सर्वांत जास्त वेळा नावही रॉनचंच. त्याचं म्हणणं, समुद्रात माणूस आपल्या शिवणीवर भरवसा ठेवून जातो, तर चूक तरी चारचौघांत कबूल करावी. पंचवीस वर्षांत त्या भिंतीवर माझं नाव एकदाही लागलं नाही. नवीन माणूस कामावर आला की रॉन बोट दाखवून सांगायचा, "बघ, मिसेस के कुठे दिसतात का?" मी मान खाली घालून शिवत राहायची. लोकांना वाटायचं, बाई लाजतायत.

लाजच वाटत होती, पण ती वेगळी.

आमच्याकडे आलेल्या सगळ्या रायडरमध्ये मला कुणाचं सर्वांत कौतुक असेल तर टॅमझिनचं. वीस वर्षांची, उंचीला सहा फुटांना टेकलेली, खांदे एखाद्या पैलवानाचे, आणि बोलणं इतकं हळू की दोनदा विचारावं लागायचं. बेकरीत पहाटेची शिफ्ट करून समुद्रात जायची. इतर पोरं लाटेवर करामती करायची. ही लाटेच्या पोटात शिरायची आणि आपल्याला वाटायचं संपलं, तेवढ्यात दुसऱ्या टोकानं शांतपणे बाहेर यायची, भाजी घेऊन मंडईतून निघावं तशी. तिला स्वतःला त्यात काही विशेष वाटायचं नाही. स्पॉन्सर मुलग्यांना नवे सूट द्यायचे आणि मुलींना स्टिकर. तिच्याकडे एकच हिवाळी सूट होता, आणि त्या वर्षी पोहून पोहून खांदे एवढे रुंदावले की तो काखेपासून काखेपर्यंत पाठीवर फाटला.

माझं ते कामातलं दुसरं वर्ष. दोन आठवड्यांवर निवडीची स्पर्धा होती. जी मुलगी जिंकेल तिला ब्रिटनकडून जागतिक स्पर्धेला, कॅनरी बेटांवर, जायला मिळणार होतं. जागा एकच. टॅमझिन सूट घेऊन आली तेव्हा रॉनची पाठ धरली होती, त्याला धड बसता येत नव्हतं. तरी घरून आला, तिची मापं घेतली, नव्या रबरावर खडूनं रेघा मारल्या आणि म्हणाला, "रेघेवर कापा, मिसेस के." आणि कण्हत परत गेला.

मी रेघेच्या बाहेर कापलं. एक इंच.

का, ते सांगते. पोर वाढत्या अंगाची. माझ्या आईनं माझा एकही परकर शिवणीत माया ठेवल्याशिवाय शिवला नव्हता. दर वर्षी थोडा उसवायचा, थोडा सोडायचा. अंगाबरोबर कापड मापणं हे आमच्याकडे दरिद्रीपणाचं, जीवावर आल्यासारखं. मला वाटलं, रॉन पुरुषमाणूस, त्याला काय कळतंय, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा फाटेल. पण कापडाला जादा भाग आत दुमडून ठेवता येतो. रबर दुमडत नाही, त्याची कड कडेलाच चिकटवायची असते. म्हणजे माझा तो इंच लपला नाही, सरळ तिच्या पाठीत, कमरेच्या वर जाऊन बसला.

वेटसूटनं माणूस कोरडा राहत नाही. थोडं पाणी आत शिरतंच. सूट अंगाला घट्ट असला की ते तिथेच थांबतं, अंगानं गरम होतं आणि मग तेच ऊब देतं. सूट सैल असला की दर लाटेला गरम झालेलं पाणी निघून जातं आणि बर्फासारखं नवं आत येतं. रॉननं हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. दुकानात आरामशीर तो पाण्यात बेकार, हे त्याचं ब्रीदवाक्यच होतं. मला ते कानानं माहीत होतं, अंगानं नव्हतं. टॅमझिननं सूट चढवला, दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "मिसेस के, पहिल्यांदाच यात श्वास घेता येतोय." मी खूश! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

स्पर्धेचा दिवस मार्चमधला, वारा उत्तरेकडचा, समुद्र शिशाच्या रंगाचा. मी फ्लास्कमध्ये चहा आणि फॉइलमध्ये तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन वाळूत उभी. टॅमझिननं पहिली फेरी जिंकली. दुसरी जिंकली. मध्ये माझ्याजवळ चहा प्यायला आली तेव्हा तिच्या हातात कप टिकत नव्हता, पण मला वाटलं नर्व्हस असेल. फायनलला चौघीजणी. वीस मिनिटं, प्रत्येकीच्या दोन चांगल्या लाटा मोजायच्या. तिची पहिली लाट इतकी सुंदर होती की किनाऱ्यावरचे उभे सर्फरसुद्धा गप्प झाले. आता एक साधी लाट मिळाली तरी पुरे होतं. बाकीच्या तिघी इकडेतिकडे धडपडत होत्या आणि ही एका जागी बोर्डावर पडून, हलत नव्हती. रॉन काठी टेकत माझ्या शेजारी आला होता. तो म्हणाला, "वाट बघतेय. शहाणी आहे."

शेवटच्या दोन मिनिटांत लाट आली. ती वळली, पाय मारले, लाटेनं तिला उचललं, आणि तिचा हात बोर्डाच्या कडेवरून सुटला. बोटं मिटलीच नाहीत. लाट तिच्याशिवाय पुढे गेली.

ती दुसरी आली. दुसरीला काही नव्हतं.

पाण्यातून वर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. माझ्यापासून दहा पावलांवर ती फ्लिपर काढायला वाकली आणि मी तिची पाठ बघितली. कमरेच्या वर, बरोबर माझ्या शिवणीखाली, पखालीसारखं पाणी साठलेलं. ती वाकली तसं ते सगळं मानेकडून भसाभस बाहेर आलं. तिनं मान वर केली. मी बघतेय हे तिनं बघितलं.

"लाट निवडायला चुकले, मिसेस के," ती म्हणाली. "चहा आहे?"

सोमवारी रॉननं तिला विचारलं, सूट कसा होता? ती म्हणाली, "परफेक्ट." मग तो सूट तिनं घरी नेला, कुणाकडून तरी जुना दुसरा घेतला आणि हा परत कधी वर्कशॉपमध्ये दिसला नाही. म्हणून भिंतीवर लागला नाही. माझी नोकरी जाईल असं तिला वाटलं असणार. वीस वर्षांच्या पोरीनं मला पाठीशी घातलं, आणि मी चाळिशीची बाई तोंड मिटून बसले.

तेव्हा ती नोकरी म्हणजे माझं सर्वस्व होतं. ह्यांच्या ओळखीनं नाही, डिग्रीवर नाही, माझ्या हातांवर मिळालेली. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्ष गेलं. म्हटलं, पुढच्या वर्षी ही जिंकेल, मग हसत हसत सांगू. पुढच्या वर्षी पुरेशी नावं आली नाहीत आणि मुलींची फायनल झालीच नाही. नंतर कधीच झाली नाही. म्हणजे तिला मिळालेली संधी एकच होती, आणि ती माझ्या इंचातून वाहून गेली. त्यानंतर सांगायचं कसं? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावत राहिले. टॅमझिन लग्न करून एक्सेटरला गेली, शाळेत पीई शिकवायला लागली. दर वर्षी कार्ड यायचं. मी उत्तर लिहायची, हवापाण्याचं.

खेळही ओसरला. मासिकं बंद पडली, स्पॉन्सर दुसरीकडे वळले, पोरांना उभं राहायचं फॅड आलं. आमच्या दारातल्या व्हॅन कमी झाल्या आणि तुटलेल्या थर्माकोलच्या फळ्या बीचवर वाढल्या. आम्ही पोहणाऱ्या हौशी बायकांचे सूट दुरुस्त करून दिवस काढले. त्याही गोड होत्या, तक्रार नाही. आणि या वसंतात रॉननं, वय वर्षं ऐंशी, सांगितलं की आता पुरे, कुलूप लावतो.

त्यानं जुन्या रायडर लोकांना बोलावलं. येताना जुनं सामान आणा, म्हणाला. जूनमधल्या एका शनिवारी दुपारी वर्कशॉप पुन्हा भरलं. टकलं, पोटं, बदललेले गुडघे. डूगीची दाढी पांढरी झालेली, दारातून वाकून आत आला आणि गरजला, "बे एके बे!" सगळे एका सुरात पुढचं म्हणाले आणि मला रडूच फुटलं. टॅमझिन मागे भिंतीला टेकून उभी होती, तशीच उंच, केस कानाशी पिकलेले.

रॉननं भिंतीवरची एकेक वस्तू उतरवली आणि ज्याची त्याला आठवण म्हणून वाटून टाकली. हशा, टाळ्या. शेवटी भिंत रिकामी झाली तेव्हा तो म्हणाला, "मिसेस केंना द्यायला माझ्याकडे काहीच नाही. पंचवीस वर्षांत त्यांची एक चूक नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्लास वर केले.

मला ते सहन होईना. मी म्हटलं, "थांबा. एक आहे."

आणि सांगितलं. इंग्रजी माझं रागात चांगलं असतं, रडताना नाही, पण सांगितलं. खडूची रेघ, इंच, मार्चचा दिवस, बोर्डावरून सुटलेला हात. टॅमझिनकडे बघून म्हटलं, "तुझी कॅनरीची जागा माझ्यामुळे गेली. तू मला वाचवलंस आणि मी तुला साधं सॉरीसुद्धा म्हटलं नाही. आज म्हणते. उशीर झालाय, पण म्हणते."

टॅमझिन बाहेर गेली. मला वाटलं, गेली. दोन मिनिटांनी तिच्या व्हॅनमधून काळा सूट खांद्यावर टाकून आत आली आणि तो माझ्या टेबलावर पाठ वर करून पसरला.

"एक इंच नाही," ती तिच्या हळू आवाजात म्हणाली. "सव्वा आहे. मी मोजलाय."

"तू हा ठेवलास?"

"दहा वर्षं तुमचा राग होता म्हणून. खोटं कशाला बोलू! मग माझी मुलगी शाळेत जायला लागली आणि मी तिचा युनिफॉर्म दोन साइझ मोठा घेतला. दुकानात उभ्या उभ्या मला तुम्ही आठवलात. मग राग गेला. सूट तसाच राहिला."

रॉन सूटवर वाकला. शिवणीवरून अंगठा फिरवला. "रेघ मी मारली होती," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

"शिवण मात्र अजून शाबूत आहे." मग खिशातून मार्कर काढून त्यानं माझं नाव एका पुठ्ठ्यावर लिहिलं, सूटला बांधलं आणि रिकाम्या भिंतीच्या मधोमध लटकवलं. "आता बरं वाटलं. मला वाटायचं, तुम्ही आमच्यातल्या नाहीच."

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण टॅमझिन म्हणाली, "उद्या सकाळी हा घालून तुम्ही पाण्यात यायचं. माझ्याबरोबर. कमरेएवढ्या." मी नाही म्हटलं. डूगी नाही म्हणू देईना. केंब्रिजहून मुलीचा फोन आला, तिला सांगितलं तर तिच्या मोडक्या मराठीत किंचाळली, "आई, तू वेडा झालास का?" तेव्हा मात्र मी ठरवलं की जायचंच.

रविवारी सकाळी ऊन होतं. आमचे हे टॉवेल धरून वाळूत उभे, चेहरा असा की मी इंग्लिश चॅनल पार करायला निघालेय. मी आयुष्यभराची काडी. त्या पैलवानी सूटमध्ये माझ्यासारख्या दीड बायका मावल्या असत्या. बाह्या दोन घड्या घालून वर घेतल्या. टॅमझिननं माझा एक हात धरला आणि दुसरा एका बोर्डावर ठेवला. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मांड्यांपर्यंत आलं, काही नाही. मी म्हटलं, हे एवढंच? मग कमरेएवढ्या पाण्यात एक छोटीशी लाट आली, तुमची पोरं हसत उड्या मारतात तसली, छातीवर फुटली, आणि मानेतून आत शिरलेलं पाणी सरळ माझ्या पाठीच्या त्या जागी जाऊन बसलं.

"आई आई गं!" मी ओरडले. श्वासच थांबला. ते पाणी जरा कोमट होतंय तोवर दुसरी लाट आली, जुनं गेलं, नवं आलं. पुन्हा तेच. जूनमध्ये! एवढं ऊन असताना! आणि ही पोर मार्चमध्ये, तीन फेऱ्या, यात बसली होती.

"कशी गं राहिलीस तू?" मी विचारलं. दात वाजत होते. "त्या फायनलला, एवढा वेळ, एका जागी?"

तिनं बोर्ड माझ्या छातीशी सरकवला आणि मला धरून ठेवलं.

"बे एके बे," ती म्हणाली. "वर्कशॉपमध्ये ऐकलेलं. ते म्हटलं की तुमच्या टेबलाशेजारचा हीटर आठवायचा. बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे पंचे दहा. पुढचं मला यायचं नाही. मग परत पहिल्यापासून. शेवटची लाट आली तेव्हासुद्धा तेच चाललं होतं."

मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मनसोक्त रडले. पाण्यात कुणाला कळतंय! पंचवीस वर्षं या लोकांनी मला काम दिलं, नाव दिलं, डेंटिस्टचे टूथब्रश दिले, आणि या मुलीनं तर गारठून मरताना माझे पाढे म्हटले. कुणाचे किती आभार मानायचे? किनाऱ्यावरून हे ओरडत होते, "अगं, बाहेर ये आता!" नवी लाट दिसत होती.

टॅमझिन म्हणाली, "पुढचं काय आहे, मिसेस के?"

"बे सक बारा," मी म्हटलं. "म्हण."

तिनं म्हटलं. लाट आली, पाठीत पाणी शिरलं, आणि आम्ही दोघी तशाच उभ्या राहून विसापर्यंत गेलो.